मोटोक्रॉसचं वळण: ब्रेक, बैठक, पाय, रेस, याच क्रमाने

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत. तिच्या वळणात पुढचं चाक निसटलं की पहिला दोष टायरला जातो, दुसरा मातीला. टायर बदलून होतो, हवा कमी-जास्त करून होते, तरी गाडी त्याच वळणावर त्याच जागी पडते. पडण्याची जागा आणि चुकीची जागा वेगळी असते, हे लक्षात न घेतल्यामुळे असं होतं. चूक बहुतेक वेळा दहा-पंधरा मीटर आधीच झालेली असते: ब्रेक उशिरा लागला, रायडर लवकर बसला, पाय घाईने बाहेर आला, आणि ब्रेक सोडल्यापासून रेस (थ्रॉटल) देईपर्यंत मध्ये नुसतीच गाडी घरंगळली.

म्हणून या लेखात एकच क्रम घट्ट धरला आहे. सरळ रेषेत ब्रेक, मग बसणं, मग पाय, मग झुकवणं आणि ब्रेक सुटता सुटता रेस. प्रत्येक टप्पा वेगळा शिकायचा आणि शेवटी जोडायचा. स्पर्धेची २५० सीसी मोटोक्रॉस गाडी असो की हिरो एक्सपल्ससारखी रस्त्याचीही गाडी, क्रम तोच. फरक वजनाचा. एक्सपल्स त्या गाडीपेक्षा सुमारे ५० किलोने जड, त्यामुळे तिच्यावर सगळं थोडं आधी आणि थोडं हळू करायचं.

टप्पा १: जागा निवडा, माती हातात घेऊन बघा

सरावाला ६० बाय ३० मीटरचा सपाट तुकडा पुरतो. नागपूरहून काटोल, कळमेश्वरच्या बाजूला गेलं की काळी माती आणि मुरूम दोन्ही मिळतात. शिकायला मुरमाड पडीक जमीन घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि बोटभर भेगसुद्धा पुढच्या चाकाला वळणात ओढून नेते. शेतमालकाला विचारूनच गाडी घाला. गोरेवाडा, अंबाझरीकडच्या जंगल हद्दीत जायचंच नाही. मुरमाच्या जुन्या खाणीही टाळा. त्यांच्या कडा आतून पोखरलेल्या असतात आणि गाडीच्या वजनाने ढासळतात.

गाडी उतरवण्याआधी सगळा तुकडा पायी फिरा. कापूस काढलेलं वावर असेल तर पऱ्हाटीचे तिरपे कापलेले खुंट जमिनीत तसेच उभे असतात. ते ट्यूब तर फोडतातच, शिवाय वळणात बाहेर काढलेल्या पायाला खालून लागतात. असलं वावर सरावाला नकोच. धुऱ्याजवळ बाभळी असतील तर तिथून निदान पाच मीटर आत सरका, काटे तिथवर विखुरलेले असतात.

आता माती. शेतकरी पेरणीसाठी वाफसा बघतो, तोच वाफसा इथे हवा. मूठभर माती घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तर माती तयार आहे. गोळाच झाला नाही तर ती कोरडी, अंगठ्याने दाबल्यावर नुसती चपटी होऊन चिकटली तर ओली. कोरड्या मुरमाची अडचण वेगळीच असते. खालचा थर घट्ट, वर सुटे खडे, आणि चाक त्या खड्यांवरून फरशीवर सांडलेल्या ज्वारीवरून सरकावं तसं सरकतं. आदल्या संध्याकाळी टँकरचं पाणी हलकं मारून ठेवलं तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान वळणाच्या दीड मीटर रुंद पट्ट्यातले खडे दाताळ्याने बाजूला ओढा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सरावाचा काळ. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा उजाडताच सुरू करा आणि साडेआठला थांबा. दहा मिनिटं सराव, दहा मिनिटं सावली, दर सावलीला पाणी. घाम फार गेला असेल तर साध्या पाण्यासोबत ओआरएस घ्या.

सावध: एकट्याने सराव करू नका. सोबत असलेल्याला इंजिन बंद करण्याचं बटण कुठे आहे हे आधी दाखवून ठेवा.

टप्पा २: गाडी वळायला तयार करा

हवा. स्पर्धेच्या गाडीला, गाठीचे टायर आणि रिम लॉक (टायर रिमवर फिरू नये म्हणून त्याला आतून दाबून धरणारा तुकडा) असेल तर, १२ ते १४ पीएसआय. एक्सपल्ससारख्या गाडीला ट्यूब असून रिम लॉक नसेल तर १६ ते १८ च्या खाली उतरू नका. हवा कमी झाली की ब्रेक आणि रेसच्या ओढीने टायर रिमवर फिरतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो. याची खूण आधी दिसते: रिममधून सरळ बाहेर आलेला वॉल्व्ह तिरपा झालेला असतो. दर विश्रांतीला दोन्ही वॉल्व्ह बघा. तिरपा दिसला तर सराव थांबवा, पूर्ण हवा काढून टायर जागेवर आणा आणि मगच पुन्हा भरा. हवा नेहमी थंड टायरवर, सावलीत मोजायची. उन्हात तापलेल्या टायरवर मीटर जास्त आकडा दाखवतो आणि तुम्ही नको तेवढी हवा सोडता.

हँडल आणि लीव्हर. हँडल बाजूने बघितल्यावर फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, रेषेत असावं. ते मागे, पोटाकडे फिरवलेलं असलं तर कोपरं खाली पडतात आणि तुम्ही आपोआप सीटवर मागे सरकता. वळणात मागे सरकण्याचं निम्मं कारण इथेच असतं. दोन्ही लीव्हर उभ्या बैठकीसाठी लावा. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहून, कोपरं वर ठेवून एक बोट लीव्हरवर टाकलं की मनगट मोडू नये. लीव्हरचे बोल्ट इतकेच आवळा की जोराने दाबल्यास लीव्हर हँडलवर फिरेल. पडल्यावर तो फिरला तर वाचतो, पक्का आवळलेला तुटतो. क्लचच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर प्ले (मोकळी हालचाल) ठेवा, किंवा गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढा.

सॅग. तुम्ही बसल्यावर गाडी मागे किती दबते त्याला सॅग म्हणतात. ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात आणि मग महागडा शॉकअप शोधत फिरतात. मोजायला तीन माणसं लागतात. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हवेत ठेवा. मागच्या अॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर लिहून ठेवा. मग गाडी खाली उतरवा. एकाने समोरून हँडल धरायचं. रायडरने हेल्मेट, बूट, सगळं अंगावर चढवून बसायचं, दोन-तीनदा दाबून हलवायचं आणि दोन्ही पाय पेगवर ठेवायचे. तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. मागचं चाक ३०० मिलिमीटरच्या आसपास वरखाली हलू शकतं अशा पूर्ण आकाराच्या मोटोक्रॉस गाडीला तो १०० ते १०५ मिलिमीटर असावा. इतर गाड्यांना एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका.

सॅग जास्त निघाला म्हणजे मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, आणि वळणात गाडी सरळ बाहेर जाऊ लागते. कमी निघाला तर गाडी पुढे झुकते, आत पटकन वळते, पण सरळ रस्त्यावर हँडल डावी-उजवीकडे झटके मारतं. स्प्रिंगची रिंग फिरवून दुरुस्त करा. आधी तिच्या आटेवरची माती ब्रशने काढा, नाहीतर आटे खराब होतात. रिंग शेवटपर्यंत आवळूनही सॅग जास्तच राहिला तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ पडते आहे.

चेनचा ढिलेपणा, स्पोकचा ताण आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगचा प्ले सराव सुरू करण्याआधी बघून घ्या. एअर फिल्टरही स्वच्छ आणि तेल लावलेलाच हवा. मुरमाची धूळ बारीक असते आणि कोरड्या फिल्टरमधून आत जाते.

एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक बंद पडू न देणारी यंत्रणा) असेल तर सरावापुरता मागच्या चाकाचा बंद करा, गाडीत तशी सोय असल्यास. मागचं चाक थोडं सरकू देणं या कौशल्याचाच भाग आहे.

अंगावर काय: हेल्मेट, गॉगल, हातमोजे, छाती आणि कोपराचे गार्ड, गुडघ्याचे गार्ड. आणि मोटोक्रॉसचे बूट. बुटांबाबत तडजोड नको. वळणात पाय पुढे असतो, तो जमिनीला लागला की घोट्याला आणि गुडघ्याला पीळ बसतो. स्पोर्ट्स शूज तो पीळ जराही अडवत नाहीत.

टप्पा ३: बंद गाडीवर बैठक पक्की करा

गाडी स्टँडवर घ्या. पाच मिनिटं हे करून मगच इंजिन सुरू करा.

उभी बैठक: पेगवर पंजे, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला लागलेले, कंबरेतून पुढे वाकून डोकं हँडलच्या वर, कोपरं बाहेर. थ्रॉटलची मूठ पूर्ण सरळ धरायची नाही. पेचकस धरतो तशी जरा तिरकी पकड ठेवा, म्हणजे कोपर वर ठेवूनही रेस पुरेशी पिळता येते.

बसलेली बैठक: सीट जिथे टाकीकडे चढायला लागते तिथे बसायचं. बहुतेकांना वाटतं की आपण पुढे बसलो आहोत. फोटो काढला की चार बोटं मागे दिसतात. इतकं पुढे बसायचं कारण पुढच्या चाकावर वजन हवं. वजन नसलेलं चाक वळत नाही, नुसतं सरकतं.

पाय: आतल्या बाजूचा पाय बाहेर आणि पुढे, बोटं वर, गुडघा थोडा वाकलेला. पावलाची दिशा पुढच्या अॅक्सलकडे, आणि पाऊल जमिनीपासून वीतभर वर. पाय आजूबाजूला फाकवायचा नाही. तो रेडिएटरच्या कव्हराजवळून पुढे जातो. तो टेकू म्हणून नसतोच. त्याचं काम पुढचं चाक जड करणं, आणि गाडी झुकताना पेग व पाऊल वाटेतून बाजूला ठेवणं.

बाहेरची बाजू: बाहेरचा गुडघा टाकीला दाबलेला, बाहेरच्या पेगवर जोर, बाहेरचं कोपर खांद्याच्या जवळपास वर. या तीन गोष्टी एकदमच यायला हव्यात.

तपासा: या बैठकीत सोबत्याला गाडी हळूच आतल्या बाजूला तिरपी करायला सांगा. तुमचं अंग गाडीसोबत तिरपं झालं तर चूक. सपाट वळणात गाडी तुमच्या खाली झुकते, धड जवळपास सरळ राहतं आणि बूड सीटच्या बाहेरच्या कडेवर येतं.

टप्पा ४: गोल फिरा

खुंटी ठोका, पाच मीटर दोरी बांधा आणि फक्कीने गोल आखा. कबड्डीच्या मैदानावर टाकतात तीच पांढरी फक्की. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, बसलेल्या बैठकीत, त्या रेषेवरून फिरा. वेग साधारण १५ किलोमीटर. दुसऱ्या गिअरला इंजिन फारच घुटमळत असेल तर क्लचवर एक बोट हलकं ठेवा. पहिल्या गिअरमध्ये रेस धक्के देते, म्हणून शक्यतो टाळा.

डावीकडे दहा फेऱ्या, मग उजवीकडे दहा. इथे ब्रेक नाही. शिकायची एकच गोष्ट: रेस हलू द्यायची नाही. इंजिनचा आवाज पूर्ण फेरीभर एकाच पट्टीत राहिला पाहिजे. सोबत्याने डोळे मिटून ऐकायचं. आवाज खालीवर झाला की हात वर. पुढचं चाक आत-बाहेर हेलकावे घेतं ते बहुतेक रेस हलल्यामुळे, हँडल हलवल्यामुळे फार कमी.

डोळे रेषेवर ठेवू नका. गोलाच्या पलीकडच्या, पाव फेरी पुढच्या भागाकडे मान वळवा. नुसती बुबुळं वळवून चालत नाही. हनुवटी वळली की खांदे वळतात आणि खांद्यांमागोमाग गाडी.

दोन्ही दिशांना जमलं की १४ मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका आणि इंग्रजी आठ काढा. मध्ये ओलांडताना गाडी सरळ होते, त्या क्षणी आधीचा पाय पेगवर परत यायला हवा आणि मगच दुसरा बाहेर. दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसले तर तुम्ही गाडीवर बसलेले नाही, हँडलला लटकलेले आहात.

टप्पा ५: ब्रेक सरळ रेषेत संपवा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या.

४० मीटर अंतरावर दोन खुणा ठेवा आणि लांबट गोल फिरा. प्रत्येक वळणाआधी फक्कीच्या दोन आडव्या रेषा मारा. पहिली वळणाच्या १५ मीटर आधी: इथे ब्रेक सुरू. दुसरी ४-५ मीटर आधी: इथे बसायचं. ताशी ४० च्या वेगातून १५ वर यायला घट्ट मातीवर इतकं अंतर पुरतं. एक्सपल्सवर पहिली रेषा आणखी ५ मीटर मागे न्या.

पहिल्या रेषेवर उभ्या बैठकीत, गुडघ्यांनी टाकी धरून, दोन्ही ब्रेक. पुढचा ब्रेक एका बोटाने. झटका नाही, लिंबू पिळतो तसा वाढवत जायचा. आधी फोर्क दबू द्या, मग जोर वाढवा. एकदम आवळलेल्या ब्रेकने, फोर्क दबायच्या आधीच, चाक सुट्या खड्यांवर बंद पडतं. गिअर उतरवायचा असेल तर याच पट्ट्यात, वळणात नाही.

हातांवर वजन येत असेल तर गुडघे टाकी सोडताहेत. हात भरून दगडासारखे होतात ते यानेच, आणि भरलेल्या हाताने नाजूक रेस देता येत नाही.

उजवं वळण इथे वेगळं वागतं. उजवा पाय बाहेर काढला की मागचा ब्रेक हातचा गेला. त्यामुळे मागच्या ब्रेकचं सगळं काम उजवा पाय पेग सोडण्याआधी संपलं पाहिजे. डाव्या वळणात उजवा पाय पेगवरच असतो, तिथे मागचा ब्रेक आत शिरेपर्यंत हलका दाबून ठेवता येतो. उजवीकडची वळणं बऱ्याच रायडरना जड जातात त्याचं हेच कारण. वेळ विभागताना उजव्या वळणाला दुप्पट फेऱ्या द्या.

सावध: ब्रेक जोरात लागलेला असताना हँडल वळवू नका. पुढच्या टायरची पकड एकच असते. ती सगळी थांबायला वापरली तर वळायला उरत नाही.

तपासा: दहा फेऱ्यांनंतर उतरून मागच्या चाकाचा ठसा बघा. ब्रेकचा ओरखडा दुसऱ्या रेषेच्या अलीकडे संपत असेल तर पुढे जा. तो वळणात शिरलेला दिसला तर पहिली रेषा आणखी तीन मीटर मागे.

टप्पा ६: बसणं, पाय, झुकवणं, रेस

आता हे सगळं एका सेकंदात घडतं, म्हणून क्रम तोंडपाठ हवा.

१. दुसऱ्या रेषेवर, पुढचा ब्रेक अजून हलका लागलेला असताना, टाकीच्या चढाजवळ बसा. धपकन नाही. धपकन बसलं की मागची स्प्रिंग दबते आणि पुढचं चाक हलकं होतं.

२. बसल्यानंतर पाय बाहेर. आधी नाही. उभे असतानाच पाय बाहेर काढणारे सगळं वजन एकाच पेगवर टाकतात आणि गाडी वेळेआधी झुकते.

३. बाहेरचं कोपर वर, बाहेरच्या पेगवर जोर, गाडी खाली झुकवा. नजर वळणाच्या मध्यावरून बाहेर पडायच्या जागेकडे.

४. ब्रेक जसजसा सुटतो तसतशी रेस यावी. दोघांमध्ये रिकामी जागा नको.

या चौथ्या मुद्द्यावर थांबायला हवं. ब्रेक लागलेला असताना फोर्क दबलेला असतो, पुढचं चाक जड असतं, गाडी आत वळायला उत्सुक असते. ब्रेक एकदम सोडून तुम्ही नुसतं घरंगळलात, की फोर्क उसळी घेतो, पुढचं चाक हलकं होतं आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही जास्तीत जास्त झुकलेले असता. चाक निसटण्याची जागा ही. उपाय दोन्ही बाजूंनी: शेवटचा थोडा ब्रेक आत शिरेपर्यंत, हळूहळू विरत जाणारा, आणि तो विरतानाच रेसचा पहिला केसभर पीळ. तो पीळ पळवण्यासाठी नसतो. चेन ताणलेली राहावी आणि गाडी एका पातळीत बसावी, एवढ्यासाठीच तो असतो. मोठी रेस नंतर, बाहेरचा रस्ता सरळ दिसल्यावर.

क्लचवरचं एक बोट इथे कामाला येतं. रेस जरा जास्त आली तर थ्रॉटल बंद करण्यापेक्षा क्लच थोडा ओढा. थ्रॉटल बंद केलं की पुन्हा तोच फोर्कचा खेळ सुरू होतो.

गाडी उठायला लागली की पाय लगेच पेगवर. वळण संपल्यावर पाय लोंबकळत ठेवणाऱ्याला पुढच्या खड्ड्यात उभं राहता येत नाही.

सावध: पाय जमिनीला लागला तर दाबून रोवू नका. गाडी पुढे जाते, पाय मागे राहतो आणि गुडघा पिळवटतो. पाऊल घासलं जात असेल तर गुडघा वर उचला, पाऊल पुढेच राहू द्या.

तपासा: मोबाइल वळणाच्या बाहेर, अॅक्सलच्या उंचीवर धरून मंद गतीत चित्रण करा. क्रमाने बघा: ब्रेक लागताना उभे आहात का, बसण्याआधी पाय निघाला का, बाहेरचं कोपर पडलं का, मान कुठे आहे. एका वेळी एकच चूक दुरुस्त करा, दहा फेऱ्या, पुन्हा चित्रण.

टप्पा ७: बर्म

वळणाच्या बाहेरच्या कडेला चाकांनी लोटलेल्या मातीची जी भिंत तयार होते तिला बर्म म्हणतात. सपाट वळणात धड सरळ आणि गाडी झुकलेली असते. बर्ममध्ये दोन्ही एकाच रेषेत झुकतात, कारण इथे भिंत गाडीला धरते. हाच फरक न कळल्यामुळे सपाट वळण शिकलेला माणूस बर्ममध्ये वरून बाहेर फेकला जातो.

आधी पायाने तपासा. बुटाची टाच भिंतीच्या मधोमध दाबा. टाच चार बोटं आत गेली तर ती भुसभुशीत आहे, तिच्यावर भरवसा नको. उन्हाळ्यात नागपुरी बर्म तासाभरात वाळून पीठ होते. खाली ठसे सुबक दिसतात, आत काही नसतं. पाणी मारून फावड्याने थापून घ्या किंवा त्या दिवशी आतली रेषा वापरा.

शिरताना मध्याच्या खालून शिरा, काठावरून नाही. काठ सगळ्यात आधी फुटतो. चाक भिंतीला लागण्याआधी ब्रेक पूर्ण संपवा. भिंतीने गाडी धरल्याचं सीटमधून जाणवतं, बूड दाबलं जातं. तिथून रेस वाढवत न्या. रेस तुटली की गाडी भिंतीवरून खाली ओघळते.

टप्पा ८: चाकोरी

एकाच रेषेतून चाकं जाऊन पडलेली खोल चाकोरी नवख्यांना सगळ्यात जास्त घाबरवते. वळणात शिकायला जाऊ नका. ओल्या मातीत २० मीटर लांब, वीतभरापेक्षा कमी खोल सरळ चाकोरी कुदळीने काढा. तिच्यातून आधी उभ्याने, मग बसून, एकसारख्या रेसवर जा. नजर बाहेर पडायच्या टोकाकडे, निदान पाच-सहा मीटर पुढे. चाकोरीत चाक कुठे आहे हे खाली बघितलं की खांदे हलतात, खांदे हलले की हँडल, आणि पुढचं चाक भिंतीवर चढतं. चाक जात आहे तिथे जाऊ द्या, ते तुमच्यापेक्षा नीट चालतं.

पंचवीस-तीस वेळा सरळ जमलं की शेवटचे पाच मीटर हळूहळू वाकवा. वळणाच्या चाकोरीत शिरताना गाडी सरळ असावी, झुकणं आत गेल्यावर. पाय नेहमीपेक्षा जास्त वर, कारण भिंतीत अडकला तर मागे खेचला जातो. फार हळूही जाऊ नका. गाडीला झुकून राहायला थोडा वेग लागतो. भीतीने वेग मारला तर ती आत पडते.

शेतातल्या पांदणीवर बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आयत्या मिळतात, पण ती रहदारीची वाट आहे आणि ट्रॅक्टरची चाकोरी मोटारसायकलच्या पेगहून खोल असू शकते. पेग टेकला की गाडी जागीच थांबते. सरावाला तिथे जाऊ नका.

टप्पा ९: बाहेर उतरतं वळण

जमीन वळणाच्या बाहेरच्या बाजूला उतरती असेल तर जास्त वेळ उभे राहा, बसायची रेषा दोन मीटर पुढे ढकला. बाहेरच्या पेगवर जवळपास पूर्ण वजन. वरच्या बाजूने शिरा म्हणजे घसरायला जागा उरते. एक गिअर वरचा ठेवा, रेसचा धक्का मवाळ होतो.

काय होतंय, कुठे बघायचं

पुढचं चाक वळणात शिरतानाच निसटतं: ब्रेक अजून जोरात चालू आहे आणि हँडल वळलं. टप्पा ५ कडे परत.

पुढचं चाक अगदी मध्यावर निसटतं: ब्रेक आणि रेस यांच्यात रिकामी जागा, किंवा तुम्ही मागे बसला आहात. आधी बैठक बघा, ती तपासायला सोपी.

गाडी वळतच नाही, बाहेर जाते: नजर बाहेरच्या काठावर, किंवा सॅग जास्त.

मागचं चाक बाहेर येऊन गाडी फिरते: रेस झुकलेल्या गाडीवर आली. गाडी उठण्याची वाट बघा. बाहेरच्या पेगवर वजन नसलं तरी हेच होतं.

ब्रेक लावताना मागचं चाक टपटप उड्या मारतं: गिअर एकदम खाली टाकला आणि क्लच झटक्यात सुटला. क्लच एका बोटाने विरघळत सोडा.

पावसाळ्यात

पहिल्या सरीनंतर मुरूम एखाद-दोन दिवसांत पाणी पिऊन तयार होतो, तो काळ सोडू नका. काळ्या रानात मात्र पाऊस थांबून चार दिवस झाल्याशिवाय जायचं नाही. तिथली माती टायर आणि मडगार्डमध्ये ठासून बसते, चाक फिरेनासं होतं, रेडिएटर बुजून इंजिन तापतं, आणि शेतमालकाच्या जमिनीत पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या मशागतीपर्यंत तशाच राहतात.

सराव संपल्यावर

स्पर्धेची गाडी रस्त्यावर चालवायची नाही, छोटा हत्तीत घालून न्यायची. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये लाकडी ठोकळा घालून पुढचे पट्टे आवळा, म्हणजे फोर्क पूर्ण दबून त्याचे सील खराब होत नाहीत. रस्त्याची गाडी असेल तर निघण्याआधी हवा कंपनीने दिलेल्या आकड्यावर परत भरा, एबीएस पुन्हा चालू करा. पंप सोबत ठेवा, परतीच्या वाटेवर पंक्चरचं दुकान उघडं असेलच असं नाही. घरी गेल्यावर फिल्टर काढून धुवा, आणि त्याच वेळी स्पोक एकेक बोटाने हलवून बघा. एखादा ढिला लागला तर दुसऱ्या दिवशीच्या सरावाआधी त्याचा ताण करून घ्या.